मामा तलावांचे पाणी आणि मासळीचा भाव

भंडारा जिल्ह्यात मासळी स्वस्त कधी होते, हे ढिवर वस्तीतले लहान पोरही सांगेल: तलाव आटायला लागले की. उन्हाळा तोंडावर आला की गावोगावचे तलाव एकाच सुमारास तळ गाठू लागतात, सगळ्यांची जाळी थोड्याच दिवसांच्या अंतराने पाण्यात पडतात आणि साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनीच्या बाजारांत कटला-रोहूचे ढीग लागतात. गिऱ्हाईक तेवढेच, मासळी मात्र तिप्पट-चौपट. मग मिळेल त्या भावाने विकून मोकळे व्हावे लागते, कारण बर्फ महाग असतो आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात मासळी दुपारपर्यंतही थांबत नाही. पुढे पावसाळ्यात मासळीचा भाव चढतो. तेव्हा गावच्या तलावातले मासे जेमतेम बोटभर असतात आणि बाजारात आंध्रातून बर्फाच्या पेट्यांतून आलेला माल असतो.

म्हणजे इथे मासळीचा भाव ठरवते ते पाणी: ते कधी आले, किती आले आणि किती महिने टिकले. गेल्या काही दशकांत बिघडत चालले आहे ते नेमके हेच वेळापत्रक. ते कसे बिघडले हे समजून घ्यायचे तर तीनशे वर्षे मागे जावे लागते. कारण लहरी पावसावर या मुलखाने उपाय शोधला होता, आणि तो उपाय म्हणजेच हे तलाव.

वैनगंगेच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धानाला एवढा पुरतो, पण तो वेळेवर पडला तर. रोवणी झाल्यावर पंधरा दिवसांचा खंड पडला किंवा लोंबी भरायच्या वेळी पावसाने दगा दिला, की पीक हातचे जाते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या भागात तलाव बांधायला सुरुवात केली. चांद्याच्या गोंड राजाने काशीची यात्रा केली, तिथे त्याला या लोकांचे पाण्याच्या कामातले कसब दिसले आणि त्याने त्यांना आपल्या मुलखात आणले, अशी परंपरागत कथा आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा राजाचा शब्द होता म्हणतात. ‘मध्य प्रांतातील जाती-जमाती’ या आपल्या १९१६ च्या ग्रंथात रसेल आणि हिरालाल यांनी कोहळ्यांची ओळख करून दिली ती तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे लोक म्हणूनच. सात टेकड्यांच्या कुशीतला नवेगावबांध हा त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा नमुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात, आणि पुढे लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवत्व दिले. आज नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत तो भंडाऱ्यातच होता.

तलावाची रचना साधी होती, आणि म्हणूनच टिकाऊ. उताराला आडवी मातीची पाळ, तलाव भरला की जास्तीचे पाणी वाहून जायला एका टोकाला सलंग आणि धानाच्या बांध्यांना पाणी सोडायला पाळीतच बसवलेले तुडुम. वरच्या तलावाच्या सलंगावरून सुटलेले पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या लहानशा बोडीत, अशी साखळी असे. एका दमात कोसळलेला पाऊस ही साखळी टप्प्याटप्प्याने अडवी. खंड पडला तर तेच साठलेले पाणी धानाला मिळे. पुढे इंग्रजी अमलात मालगुजारी पद्धत आली आणि गावचे मालगुजार या तलावांचे मालक झाले. पुढे मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ झाले आणि तलाव मामा तलाव झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार तलाव आहेत.

तलाव मालगुजाराचा असला तरी पाणी एकट्याचे नव्हते. गावाला निस्तार हक्क होता: गुरांना पाणी, अंघोळ-धुणे, बांध्यांना ओलीत. आणि पाण्यात जे पिके ते ढिवरांचे क्षेत्र. ढिवर म्हणजे नावाडी, भोई, शिंगाड्याची शेती करणारे आणि मासे धरणारे लोक. डोंगा, भोवरजाळे, बांबूच्या कांबट्यांचे सापळे ही त्यांची हत्यारे. बाया डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरत आणि मासळीच्या बदल्यात धान आणत. भाव होता, पण तो पैशांत नसे.

त्या काळी तलावात मासे सोडत नसत, ते आपोआप येत. मृगाचे पहिले पाणी नाल्याला लागले की तलावातले मासे प्रवाहाच्या उलट चढत, बांध्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालत आणि पिले पुन्हा उताराने तलावात येत. मरळ, दाडक, बोटरी, शिंगूर, वाघूर, काटवा, झिंगे असा हा सगळा गोतावळा होता. यातले मरळ, दाडक, शिंगूर, वाघूर हे थेट हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे. पाणी आटून चिखल उरला तरी ते तग धरतात. दुष्काळी वर्षीही चिखलात हात घातला की चार मासे हाती लागत, ते यांच्यामुळे. पावसाच्या लहरीपणावर कोहळ्यांनी जसा मातीचा उपाय काढला, तसाच या माशांनी आपल्या शरीरात काढला होता. या दोन गोष्टी एकत्र होत्या म्हणून ढिवराचे पोट वाईट वर्षीही काही ना काही चालत असे.

ही घडी १९५१ साली मोडली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण दरवर्षी पाळीवर माती टाकणारा, तुडुम दुरुस्त करणारा, गाळ उपसून घेणारा असा कोणी एक जबाबदार माणूस त्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. कागद इकडून तिकडे फिरत राहिले आणि तलाव गाळाने भरत राहिले. पाच हात खोल तलाव तीन हातांवर आला की पाणी कमी साठते, लवकर तापते आणि लवकर आटते. हवामान बदलाचा मार पुढे पडायचा होता. त्याच्यासाठी जागा आधीच तयार झालेली होती.

याच काळात मासेमारीचे रूपही पालटले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तोवर कटला, रोहू, मृगळ यांचे बीज फक्त मोठ्या नद्यांतून गोळा करावे लागे, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. आता ते हौदात तयार होऊ लागले. देशभर मत्स्यशेती वाढली ती या एका शोधामुळे, आणि १० जुलै आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. भंडाऱ्यात ढिवरांच्या सहकारी संस्था झाल्या. संस्थेने तलाव ठेक्याने घ्यायचा, बीज विकत आणून सोडायचे, वर्षभर राखायचे आणि उन्हाळ्यात काढून विकायचे. उत्पादन वाढले, हातात पैसा आला. पण आता तलावाचा ठेका, बीज, ढेप, कोंडा, जाळी हा सगळा खर्च आधी आणि उत्पन्न दहा महिन्यांनी. शिवाय कटला-रोहू हे काही चिखलात तग धरणारे मासे नव्हेत.

बीज सोडण्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. प्राणवायू भरलेल्या, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गाडीतून उतरतात. प्रत्येक पिशवीत पाणी थोडेच आणि त्यात मिशीच्या केसाएवढी हजारो पिले. जाणते लोक पिशवी लगेच फोडत नाहीत. ती आधी पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवतात, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान एक होते. मग तोंड सोडून तलावाचे पाणी थोडे थोडे आत घेतात आणि पिलांना आपापली बाहेर जाऊ देतात. तापमानातला अचानक फरक या पिलांना मारू शकतो. म्हणून हे काम पहाटे किंवा संध्याकाळी करायचे, आणि तलावात पाणी पुरेसे जमल्यावरच.

पाणी पुरेसे कधी जमते, इथेच आता गणित चुकते. पाऊस जूनच्या मध्यावर लागला तर जुलैत बीज पडते आणि मार्चपर्यंत आठ महिने मिळतात. पाऊस तीन-चार आठवडे लांबला तर बीज ऑगस्टमध्ये पडते. पुढे तलावाचे पाणी धानाला सुटते, उन्हाळी धान असेल तर आणखी सुटते, आणि जानेवारी-फेब्रुवारीतच जाळे टाकावे लागते. किलोभर व्हायचा मासा पावशेर-अर्धा किलोवर निघतो. बाजारात मोठ्या माशाला किलोमागे भाव जास्त, लहानाला कमी. म्हणजे वजनही घटले आणि किलोचा दरही घटला. पावसाच्या तीन आठवड्यांच्या उशिराने संस्थेचे उत्पन्न दोन बाजूंनी कापले जाते, आणि ठेक्याची रक्कम मात्र तीच राहते.

उशीर ही एक गोष्ट झाली. पाऊस आला की कसा येतो, ही दुसरी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. एकूण पाऊस घटत असताना हे घडले. भंडाऱ्याच्या मत्स्यशेतीसाठी याचा अर्थ सरळ आहे. तलाव एका रात्रीत भरतो, सलंग भरभरून वाहू लागतो आणि नुकतेच सोडलेले बीज पाण्याबरोबर निघून जाते. सलंगाला जाळी लावतात, पण काडीकचरा अडकून ती तुंबली तर पाळीलाच धोका, म्हणून पुराच्या रात्री ती काढून टाकावी लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या बाजूला मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, वैनगंगा फुगली, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरले. ऑगस्टअखेर म्हणजे बीज तलावात पडून गेलेले, आणि दुसऱ्यांदा बीज आणायला हंगाम उरलेला नसतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये, देशाने १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होता. महिना तोच, एकदा बुडवणारा आणि एकदा सुकवणारा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वारंवार येते, आणि भंडाऱ्याचा उन्हाळा तिच्यापेक्षा फार सौम्य नाही. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातही नाही. उलट, पाणी जितके गरम तितकी माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्यात तलाव उथळ आणि शेवाळाने हिरवा झालेला असेल तर रात्रभर शेवाळही प्राणवायू ओढते. पहाटे सूर्य उगवण्याआधीचा तास सर्वांत वाईट. तेव्हा मासे पृष्ठभागाशी येतात, तोंडे वर काढून हवा गिळू लागतात. हे दिसले की राखणदार धावाधाव करतो: पाणी हलवायचे, मोटर लावून फवारायचे, ढेप-कोंडा बंद करायचा. नाही जमले तर सकाळी पांढरी पोटे वर आलेली दिसतात. त्या भीतीनेच अनेक संस्था एप्रिलपर्यंत थांबत नाहीत, सगळ्यांबरोबर लवकर माल काढतात आणि पडलेल्या भावात विकतात. उष्णता मासे मारते तेव्हा तर नुकसान होतेच, पण मारण्याच्या नुसत्या शक्यतेनेही ती भाव पाडते.

हवामान बदलाने सगळीकडे एकाच दिशेने नुकसान होते असेही नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना पश्चिम बंगालच्या मत्स्यबीज केंद्रांत आढळले, की १९८० च्या दशकात ११०-१२० दिवस चालणारा कार्प माशांचा प्रजनन हंगाम २००० नंतरच्या वर्षांत १६०-१७० दिवसांवर गेला आहे. वाढत्या तापमानामुळे मासे मार्चपासूनच प्रजननाला तयार होऊ लागले. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे त्याला यात फायदा आहे, लवकर बीज मिळते. भंडाऱ्याच्या हंगामी तलावाला मार्चच्या बीजाचा काय उपयोग? तेव्हा तिथे तळाला भेगा पडायला लागलेल्या असतात.

हाच फरक बाजारातही दिसतो. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या आसपास आणि गोदावरी-कृष्णेच्या कालव्यांच्या पाण्यावर हजारो एकरांची मत्स्यतळी उभी राहिली. तिथे बारा महिने पाणी, म्हणून मासा हवा तेव्हा काढता येतो. नागपूरचा बाजार त्या मालावर चालतो आणि भंडाऱ्याचा ठोक भाव नागपूरवर. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ बापटलाजवळ किनाऱ्यावर आले, तसे संकट आले की तिकडची आवक तुटते आणि विदर्भात भाव वधारतो. पण अशा वधारलेल्या भावाचा लाभ ढिवराला क्वचितच मिळतो, कारण आपला मासा काढण्याचा दिवस त्याच्या हाती नसतो. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची आहे आणि ती सहसा कोणी मोजत नाही. २०२३ मध्ये एल निन्योमुळे समुद्र तापला आणि पेरू देशाने अँकोव्ही मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला. जगभर मासळीच्या भुकटीचे दर भडकले, ती भुकटी खाऊ घालणाऱ्या कोळंबी उत्पादकांना त्याची झळ बसली. भंडाऱ्याचा रोहू धानाचा कोंडा आणि ढेप खातो. त्याचे खाद्य जिल्ह्यातच पिकते.

हरवलेले काही परत आणता येते, याचेही उदाहरण जवळच आहे. अर्जुनी मोरगावला मनीष राजनकर आणि त्यांची ‘फीड’ ही संस्था अनेक वर्षे ढिवरांबरोबर काम करते आहे. पतीराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर जाणकारांना कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर उगवते हे पिढीजात माहीत होते. त्यांनी तलावातली बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडे पडलेले तळ नांगरले आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. गवत्या मासा सोडायचे थांबवले, कारण तो त्या वनस्पतीच फस्त करतो. नवतलावासारख्या ठिकाणी देशी मासे परतले, पक्षीही परतले. या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या आणि वनस्पतींची लागवड मुख्यतः त्यांच्याच हातची. दाट पाणवनस्पतींच्या सावलीत मासे उन्हाचा कडाका टाळतात. मरळ जिवंत विकता येतो आणि त्याचा भाव कटला-रोहूपेक्षा कितीतरी वर असतो. बर्फाची गरज नाही, घाईने विकायची गरज नाही. ज्याला ‘जंगली मासा’ म्हणून बाजूला सारले, त्याच्यात बदलत्या हवामानाला तोंड देण्याची ताकद आहे, हे सरकारी बीज योजनांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही. त्यांचा सगळा हिशेब अजून कार्पवरच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा या बाबतींत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींची वाट त्यामुळे मच्छीमारांसाठी खुली झाली. निर्णय चांगला आहे, पण भंडाऱ्यात तो कसा उतरतो यावर सगळे अवलंबून आहे. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. ढिवराच्या संस्थेकडे असतो तो काही वर्षांचा ठेका, तोही अशा पाण्याचा की ज्याचे तुडुम कधी उघडायचे हे ती ठरवू शकत नाही. तलावात उन्हाळ्यासाठी किमान पाणी राखून ठेवण्याची अट, पाणी टिकलेल्या महिन्यांवर ठरणारी ठेक्याची रक्कम, पुरात वाहून गेलेल्या बीजाचा पंचनामा आणि गाळ काढताना तळाचा एक भाग खोल डोहासारखा ठेवणे, या चार गोष्टी ठेक्याच्या करारात आणि विम्याच्या अर्जात लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्यातली शेवटची तर येत्या उन्हाळ्यात, गाळ काढायला यंत्र तलावात उतरेल तेव्हाच, जादा खर्चाशिवाय करता येण्याजोगी आहे.